मुलांपर्यंत अश्लील मजकूर पोहोचला, किंवा मुलाचाच फोटो फिरू लागला तर: कायदा आणि तक्रारीची वाट

शाळेच्या पालक-ग्रुपवर रात्री एक व्हिडिओ येतो. खाली ओळ असते, "आपल्याच भागातली मुलगी आहे, सावध राहा, पुढे पाठवा." चार जण पाठवतात. चौघांचा हेतू चांगला असतो, आणि चौघांवरही माहिती तंत्रज्ञान (आयटी) कायद्याच्या कलम ६७ बी खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. त्या कलमात मुलांची लैंगिक दृश्ये पाठवणे हाच गुन्हा आहे. आपण कशासाठी पाठवले हे मग पोलिसांना आणि कोर्टाला पटवत बसावे लागते. या प्रकरणांतले बरेचसे नुकसान असे घाबरलेल्या, संतापलेल्या, मदत करायला निघालेल्या माणसांच्या हातून होते. फोटो जपून ठेवला जातो आणि त्याचा पत्ता हरवतो. व्हायला हवे नेमके उलटे: फोटो कुठेही न्यायचा नाही, पण तो कुठून, कोणत्या खात्यावरून, किती वाजता आला हे अक्षर न अक्षर टिपायचे.

आधी प्रकार ओळखा

पोलीस ठाण्यात "मुलाला मोबाईलवर घाणेरडे दाखवले" एवढेच सांगितले की कलम चुकण्याची शक्यता वाढते. कायद्याच्या नजरेत तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमची कोणती हे दोन प्रश्नांवरून कळते: चित्रात कोण आहे, आणि ते कोणी कोणाला दाखवले किंवा मागितले? तिन्हींत 'मूल' म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी.

पहिला प्रकार: चित्रात प्रौढ माणसे आहेत, पण दाखवले मुलाला. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्याच्या कलम ११ प्रमाणे लैंगिक हेतूने मुलाला असे काही दाखवणे हा लैंगिक छळ आहे; कलम १२ खाली ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इथे 'लैंगिक हेतू' हे शब्द महत्त्वाचे. काकांनी फोन उघडा टाकला आणि पुतण्याने तो चाळला, यात हेतू दिसत नाही. काकांनी पुतण्याला शेजारी बसवून दाखवले, यात दिसतो. हेतू सिद्ध होणे अवघड वाटत असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम २९५ आठवावे. मुलाला अश्लील वस्तू विकणे, भाड्याने देणे, दाखवणे किंवा पुरवणे हा त्या कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याच्या शब्दांत लैंगिक हेतूची अट नाही. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद आणि २,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ७ वर्षांपर्यंत आणि ५,००० पर्यंत. जुन्या दंड संहितेत हेच कलम २९३ होते आणि त्यात वयाची मर्यादा २० होती; १ जुलै २०२४ पासून ती १८ वर आली. जुने पुस्तक पाहून अर्ज लिहिणारे अजून '२९३' लिहितात. त्याने तक्रार बाद होत नाही, पण ठाण्यात दहा मिनिटे वाया जातात.

दुसरा प्रकार: चित्रातच मूल आहे. हा सर्वात गंभीर, आणि इथे कायदा नुसत्या बाळगण्यालाही पकडतो. आयटी कायद्याचे ६७ बी तयार करणे, प्रसारित करणे, गोळा करणे, शोधणे, पाहणे, डाउनलोड करणे, जाहिरात करणे, अदलाबदल करणे या सगळ्यांना लागू आहे: पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास ७ वर्षांपर्यंत. पॉक्सोच्या कलम १३ आणि १४ खाली मुलाचा असा वापर करणाऱ्याला पहिल्या वेळी किमान ५ वर्षे, नंतर किमान ७ वर्षे. आणि कलम १५ साठवणुकीचे. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पुढे पाठवण्याच्या इराद्याने बाळगून ते नष्ट न करणे किंवा न कळवणे, यासाठी किमान ५,००० रुपये दंड. पाठवण्यासाठी किंवा दाखवण्यासाठी बाळगणे, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. धंद्यासाठी बाळगणे, ३ ते ५ वर्षे किंवा दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास ५ ते ७ वर्षे व दंड.

"मी फक्त पाहिले, पाठवले कुठे?" हा बचाव २०२४ पर्यंत काही ठिकाणी चालला. मद्रास उच्च न्यायालयाने त्या वर्षी जानेवारीत असा एक खटला रद्दही केला होता. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: कलम १५ ची तिन्ही पोटकलमे स्वतंत्र गुन्हे आहेत, प्रत्यक्ष पाठवलेच पाहिजे असे नाही, आणि डाउनलोड न करता पडद्यावर उघडून पाहणे यालाही 'ताबा' म्हणता येते. याच निकालात न्यायालयाने 'चाइल्ड पोर्नोग्राफी' हा शब्दच टाकून द्यावा असे सुचवले, कारण त्यातून जणू काही संमतीने घडले असा भास होतो. जे दिसते ते एका मुलाच्या शोषणाचे चित्रण असते. तुमच्या अर्जातही 'बाल लैंगिक शोषणाचे चित्रण' असेच लिहा.

एआयने बनवलेले चित्रही यात येते का? येते. २०१९ च्या दुरुस्तीने पॉक्सोत जी व्याख्या आली तिच्यात खऱ्या मुलापासून वेगळे न ओळखता येणारी संगणकीय प्रतिमा आणि फेरफार करून मूल भासवलेली प्रतिमा दोन्ही आहेत. वर्गातल्या मुलीचा साधा फोटो घेऊन ॲपमधून तिचे कपडे काढलेले चित्र बनवणे ही 'मस्करी' त्या व्याख्येत सरळ बसते. "फोटो खोटा आहे, मग तक्रार कशाची?" असे कोणी म्हटले तर ही व्याख्या कलम २(१) मध्ये आहे एवढे सांगायचे.

तिसरा प्रकार: अजून चित्र नाही, पण कोणीतरी मुलाला ओढते आहे. सतत मेसेज, 'कॅमेरा चालू कर', मग धमकी: "पैसे दे, नाहीतर तुझ्या शाळेच्या ग्रुपवर टाकतो." पॉक्सोचे कलम ११ खऱ्या किंवा बनावट चित्राची धमकी देणे, मुलाचा वारंवार पाठलाग किंवा संपर्क करणे आणि अशा कामासाठी भुलवणे हे तिन्ही वेगवेगळे नोंदवते, ६७ बी मध्येही मुलाला ऑनलाइन नात्यात गुंतवून लैंगिक कृत्याकडे नेणे हा गुन्हा आहे. पैसे मागितले की न्याय संहितेतले खंडणीचे कलम ३०८ जोडले जाते. फोटो बाहेर पडेपर्यंत थांबायची गरज नाही. धमकी आली त्याच दिवशी गुन्हा पूर्ण झालेला असतो.

एक खुलासा, कारण शिक्षक नेहमी विचारतात: शरीरशास्त्राचे, लैंगिक शिक्षणाचे साहित्य यात येत नाही. न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये आणि ६७ बी मध्येही विज्ञान, साहित्य, कला आणि शिक्षणासाठी स्पष्ट अपवाद आहे.

पहिला तास

मूल तुमच्याकडे आले असेल तर पहिले वाक्य "तू हे केलंसच का?" असे नको. ते ऐकले की पुढची निम्मी हकिकत मूल गिळते, आणि तीच निम्मी पोलिसांना लागते. "बरं झालं सांगितलंस, आता हे माझं काम" एवढे पुरे. खोदून प्रश्न विचारू नका. जबाब पोलीस घेतील, दंडाधिकारी घेतील, आणि प्रत्येक वेळी नवीन उजळणी झाली की तपशील सरकतात. मूल आपणहून जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, वेळेसह वहीत लिहा.

मग फोन. ब्लॉक करू नका, चॅट पुसू नका, खाते बंद करू नका, समोरच्याला उत्तरही देऊ नका. ब्लॉक करण्याची घाई सगळ्यांनाच होते, पण काही ॲपवर ब्लॉक केल्यावर समोरच्याचे प्रोफाइल दिसेनासे होते आणि युजरनेम टिपायचे राहून जाते. व्हॉट्सॲपवर आणखी एक सापळा आहे: 'रिपोर्ट' दाबल्यावर त्या खात्याला ब्लॉक करण्याची आणि गप्पा पुसण्याची निवडही तिथेच समोर येते. ती टिकमार्क काढल्याशिवाय पुढे गेलात तर पुरावा तुमच्याच बोटाने गेला. रिपोर्ट केल्यावर त्या खात्याकडून आलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, त्यामुळे रिपोर्ट जरूर करा, पण आधी टिपणे, मग रिपोर्ट. 'आपोआप नाहीसे होणारे मेसेज' चालू असतील तर ते आधी बंद करा. जुने मेसेज त्याने वाचतीलच असे नाही, म्हणून टिपण्याची घाई इथे खरी.

मूल असलेले चित्र फोनमध्ये उतरले असेल तर मीडिया ऑटो-डाउनलोड आणि फोटोंचा क्लाउड बॅकअप दोन्ही लगेच बंद करा. बॅकअप चालू राहिला तर तुमच्या नकळत दुसरी प्रत तयार होते, आणि मोठ्या कंपन्या अशी चित्रे आपोआप ओळखून हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एनसीएमईसी या संस्थेकडे कळवतात. २०१९ पासून आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा तिच्याशी करार आहे. त्या सूचना इथे येतात आणि राज्यांच्या पोलिसांकडे जातात. तक्रारदाराचेच खाते त्या यादीत यावे, हे टाळता येण्यासारखे आहे.

पैसे मागत असतील तर देऊ नका; दिल्यावर मागणी थांबत नाही, रक्कम वाढते. आधीच दिले गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी ती गोठवण्याची संधी तेवढाच वेळ असते. मूल धोक्यात असेल, जीव देण्याची भाषा करत असेल, तर ११२ (आपत्कालीन मदत) किंवा १०९८ (मुलांची हेल्पलाइन). बाकी सगळे नंतर.

काय टिपायचे

कागद घ्या आणि असे लिहा: ॲप किंवा संकेतस्थळाचे नाव, खात्याचे युजरनेम अक्षरशः, ठिपके-अधोरेषांसह, प्रोफाइलची पूर्ण लिंक, फोन नंबर दिसत असेल तर देशाच्या कोडसह, पोस्टची किंवा ग्रुपची लिंक, तारीख आणि वेळ, मुलाच्या खात्याचे युजरनेम, पैसे गेले असतील तर यूपीआय आयडी आणि व्यवहार क्रमांक. प्रोफाइलवर मोठ्या अक्षरांत दिसणारे नाव युजरनेम नव्हे. ते कोणीही केव्हाही बदलतो, आणि 'राहुल' या नावाने तपास सुरूच होत नाही.

वेळ मिनिटापर्यंत, जमल्यास सेकंदापर्यंत लिहा. कारण तांत्रिक आहे: मोबाईल कंपन्या एकच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट-जोडणीचा क्रमांक, एकाच वेळी अनेक ग्राहकांना वाटतात. "संध्याकाळी कधीतरी" यावरून शेकडो माणसे निघतात, "२१:४२:१०" यावरून मोजकीच.

धमकीच्या मजकुराचे, प्रोफाइलचे, लिंकचे स्क्रीनशॉट घ्या. मूल उघडे दिसते त्या चित्राचा स्क्रीनशॉट घेऊ नका; ते ज्या फोनवर आहे तिथेच राहू द्या. पॉक्सोच्या कलम १५ मध्ये तक्रारीसाठी किंवा कोर्टात पुरावा म्हणून बाळगण्याला सूट आहे, पण ती सूट ओढून वकिलाला, मुख्याध्यापकांना, मामाला 'बघा जरा' म्हणून पाठवण्यापर्यंत जात नाही. स्क्रीनशॉट छापून नेलात तरी मूळ फोन लागतोच. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते. एक भाग ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा अंकी ठसा, येते. मूळ फोन फॅक्टरी रीसेट केला असेल तर हे प्रमाणपत्र कशाचे द्यायचे?

आणि उशीर करू नका. २०२१ च्या आयटी नियमांनी समाजमाध्यमांना काढून टाकलेला मजकूर आणि बंद झालेल्या खात्याची नोंदणी-माहिती १८० दिवस जपायला सांगितले आहे. "दहावीची परीक्षा होऊ दे, मग बघू" म्हणून सात महिने थांबलेल्या तक्रारीत अनेकदा खाते सापडते, माणूस सापडत नाही.

पोर्टलवरून

सरकारच्या सायबर गुन्हे तक्रार पोर्टलचा पत्ता: सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्यांचा विभाग निवडला की दोन वाटा फुटतात. 'रिपोर्ट ॲनॉनिमसली' मध्ये नाव-नंबर द्यावा लागत नाही. 'रिपोर्ट अँड ट्रॅक' मध्ये मोबाईलवर ओटीपी येतो आणि पोच क्रमांक मिळतो. अनोळखी ग्रुपवर अनोळखी मुलाचे चित्र दिसले तर पहिली वाट पुरेशी. तुमच्या स्वतःच्या मुलाचे प्रकरण असेल तर दुसरीच घ्या, नाहीतर पुढे काय झाले ते विचारायला हातात काही राहत नाही.

पॉक्सो नियम २०२० चा नियम ११ सांगतो की असे चित्रण मिळालेल्या किंवा त्याची माहिती असलेल्या कोणीही ते विशेष बाल पोलीस पथक, स्थानिक पोलीस किंवा या पोर्टलला कळवावे, आणि अहवालात दोन उपकरणांचा तपशील असावा: ज्यावर दिसले ते, आणि ज्यावरून आल्याचा संशय आहे ते, प्लॅटफॉर्मसह. हा तपशील बहुतेक जण गाळतात. "रेडमी फोन, माझा नंबर अमुक, व्हॉट्सॲप, ग्रुपचे नाव अमुक, पाठवणारा नंबर तमुक" अशी एक ओळ पुरते.

पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे पक्के लक्षात ठेवा. ती संबंधित राज्याच्या पोलिसांकडे जाते, गुन्हा नोंदवायचा निर्णय पुढे होतो. ओळखीच्या माणसाने केले असेल, मूल घाबरले असेल, धमकी चालू असेल, तर पोर्टलवर भरून ठाण्यातही जा.

पोलीस ठाण्यात

कोणत्याही ठाण्यात जाता येते. हद्द आपली नाही म्हणून परत पाठवता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचा विचार न करता खबर नोंदवायची आणि मग योग्य ठाण्याकडे पाठवायची. "सायबर सेलला जा" हे उत्तर मात्र वारंवार मिळते, आणि त्यामागे अर्धे कारण खरे असते: आयटी कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे तपास पोलीस निरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. पण ती अट तपासाची आहे, खबर नोंदवण्याची नाही, आणि पॉक्सोला ती अट नाहीच. म्हणून अर्जात पॉक्सोची कलमे आधी लिहा, आयटीची नंतर.

अर्ज एका पानाचा असावा. "माझ्या मुलीला एक मुलगा सोशल मीडियावर खूप दिवसांपासून त्रास देत आहे, तरी कारवाई व्हावी" या वाक्यात तपासाला धरायला काहीच नाही. त्याऐवजी असे: "माझी मुलगी, वय १४ वर्षे ३ महिने, हिच्या इन्स्टाग्राम खात्यावर (युजरनेम …) दि. … रोजी रात्री ९ वाजून ४२ मिनिटांनी … या युजरनेमच्या खात्यावरून, 'फोटो पाठव नाहीतर आधीचा फोटो वर्गात टाकतो' असा मेसेज आला. त्यानंतर दि. … पर्यंत असे ११ मेसेज आले. मेसेज असलेला फोन माझ्या ताब्यात असून त्यात काहीही पुसलेले नाही. मूळ चित्र मी कोणालाही पाठवलेले नाही." शेवटची दोन वाक्ये विसरू नका. पुढे आरोपीच्या वकिलाचे पहिले प्रश्न तिथेच येतात.

सोबत मुलाचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला न्या. वयावर सगळा खटला उभा असतो.

मुलाला ठाण्यात नेण्याची गरज नाही. पॉक्सोच्या कलम २४ प्रमाणे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. कलम २६ प्रमाणे आई-वडील किंवा मुलाच्या विश्वासाचे माणूस समोर असते. मूल कोणत्याही कारणाने रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. नोंद झाल्यावर ती तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे, तिला क्रमांक पडला पाहिजे, आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे. पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचे असते. दुसऱ्या दिवशी समितीच्या कार्यालयात फोन करून "आमची नोंद आली का" हे विचारा. न आल्याचे कळले की ठाण्यात पुन्हा जायला ते कारण पुरते.

फोन जप्त होईल आणि महिनोन्‌महिने परत मिळणार नाही, ही मानसिक तयारी ठेवा. मुलाच्या शाळेचे, बँकेचे, सिमचे जे काही त्यावर चालते ते आधी दुसरीकडे वळवा, पण चॅट हलवू नका. जप्ती पंचनाम्यात मॉडेल, आयएमईआय क्रमांक आणि फोनची स्थिती लिहून घ्या आणि प्रत मागा. तांत्रिक तपासणी झाल्यावर तो सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करता येतो, आणि ही प्रत तेव्हा लागते.

नोंद नाकारली तर? शांतपणे सांगा की पॉक्सोच्या कलम २१(१) खाली न कळवणारा जसा दोषी आहे तसा पॉक्सोची खबर न नोंदवणाराही आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तरीही नाही म्हणाले तर तोच अर्ज रजिस्टर टपालाने पोलीस अधीक्षकांना, शहर असेल तर आयुक्तालयातल्या उपायुक्तांना पाठवा आणि पोच जपा. तिथेही हलले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. टपालाची ती पोच तिथे जोडावी लागते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलांना आणि स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची मर्यादा आड येत नाही.

मजकूर उतरवणे

पोलीस तपास आणि मजकूर हटवणे या दोन वेगळ्या वाटा आहेत. एकीची वाट बघत दुसरी थांबवू नका. प्रत्येक समाजमाध्यमाचा तक्रार अधिकारी असतो. २०२१ चे नियम आले तेव्हा नग्न किंवा लैंगिक चित्राबद्दल, फेरफार केलेल्या चित्राबद्दलही, त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार केली तर तो मजकूर उतरवायला जास्तीत जास्त २४ तासांची मुदत ठरवली होती. तक्रारीत थेट लिंक द्या. 'तुमच्या साइटवर कुठेतरी आहे' याला उत्तर येत नाही. उत्तर समाधानकारक नसेल तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते.

चित्र अजून पसरले नसेल पण पसरण्याची भीती असेल, तर एनसीएमईसीची 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा पाहा. चित्र फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्याचा एक अंकी ठसा तयार होतो आणि फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांना दिला जातो. नाव सांगावे लागत नाही. मर्यादा दोन: सहभागी नसलेल्या ठिकाणी ती चालत नाही, आणि चित्र कापले किंवा बदलले की ठसा जुळेलच असे नाही.

न्यायासाठी फेसबुकवर लिहावेसे वाटेल. मुलाचे नाव, फोटो, पत्ता, शाळा, वस्ती, घरच्यांची माहिती, यातले काहीही प्रसिद्ध करायला पॉक्सोचे कलम २३ मनाई करते. शिक्षा ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही. बापाने स्वतःच्या नावाने पोस्ट टाकली की मूल ओळखू येते, हे रागाच्या भरात सुचत नाही.

शाळा, क्लास, वसतिगृह

इथली ठरलेली चूक म्हणजे 'आधी आपण अंतर्गत चौकशी करू'. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचे कळले, किंवा घडेल अशी भीती वाटली, की कोणीही तो कळवायचाच आहे. समिती नेमणे, पालकांची सभा घेणे, संस्थाचालकांना विचारणे या पायऱ्या कायद्यात नाहीत. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवला तर कलम २१(२) खाली १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणात माहिती न कळवल्याचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला आणि न कळवणे हाही गंभीर गुन्हा आहे असे बजावले. उलट, चांगल्या हेतूने कळवलेले पुढे चुकीचे निघाले तर कलम १९(७) कळवणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी दोन्ही जबाबदारीतून सोडवते. तोलून पाहिले तर न कळवण्यातच धोका आहे.

विद्यार्थ्याच्या फोनमध्ये काही सापडले तर शिक्षकांनी गॅलरी चाळू नये, स्टाफरूममध्ये दाखवू नये, स्वतःच्या फोनवर घेऊ नये. फोन एअरप्लेन मोडवर टाकून, बंद न करता, पाकिटात घालावा. वर वेळ आणि दोघांच्या सह्या. पालकांना आणि पोलिसांना त्याच दिवशी फोन.

समोरचाही अल्पवयीन असेल तर

सोळा वर्षांची दोन मुले एकमेकांना फोटो पाठवतात, मग भांडण होते आणि एक जण तो वर्गात टाकतो. हे प्रकार बरेच असतात, आणि इथे पालक दोन टोकांना जातात: "पोरांचे खेळ" किंवा "त्याला तुरुंगात टाका". कायदा दोन्ही म्हणत नाही. १८ खाली संमतीला अर्थ नाही, म्हणून गुन्हा आहे. पण पॉक्सोचे कलम ३४ अशा मुलाला बाल न्याय कायद्याकडे सोपवते. त्या कायद्याच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत, गुन्हा 'अतिगंभीर' नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल तर एफआयआर न करता ठाणे दैनंदिनीत नोंद करून, सामाजिक पार्श्वभूमीच्या अहवालासह प्रकरण बाल न्याय मंडळापुढे पाठवायचे असते. अतिगंभीर म्हणजे ज्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे असा. पहिल्या वेळचे कलम १४ किमान ५ वर्षांचे असल्याने त्यात बसत नाही. "एफआयआर का केली नाही?" म्हणून ठाण्यात वाद घालण्याआधी हे पाहा. इथे पोलिसांचे वागणे नियमाला धरून असू शकते. मात्र दैनंदिनीतला नोंद क्रमांक आणि मंडळापुढची तारीख मागून घ्या.

ज्याचा फोटो फिरला त्या मुलाने तो स्वतः काढला होता, म्हणून त्याच्यावरच गुन्हा लागेल या भीतीने अनेक घरे गप्प बसतात. पॉक्सोच्या कलम २१ मधली न कळवल्याची शिक्षा मुलाला लागू नाही, कलम २२ मधली खोट्या माहितीची शिक्षाही मुलाला लागू नाही. बाल कल्याण समितीसमोर असे मूल काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले म्हणूनच येते, आणि खटला संपेपर्यंत सोबतीला एक सहाय्यक व्यक्ती देण्याचा अधिकार समितीला आहे. ती मागावी लागते. पहिल्याच भेटीत मागा.